परमुलखातील सेवेची कसोटी

रजेच्या पंधरवड्यात परदेशातील एखाद्या गरीब मुलखात जाऊन तेथील दवाखान्यात विनामूल्य काम करावे, अशी ओढ आपल्या तरुण डॉक्टरांस वाटत असेल, तर त्यांस कोणी नाउमेद करू नये. परंतु सदिच्छा हा सेवेचा आरंभ होय. तिची कसोटी नव्हे. ती कसोटी शोधण्यास महाराष्ट्राने दूर जावयास नको. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ती घालून दिलेली आहे.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रसभेने धाडलेले पाच डॉक्टरांचे पथक १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाले. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी व डॉ. कोटणीस हे त्यांचे सहकारी. चौघे यथावकाश मायदेशी परतले, कोटणीस राहिले. केवळ राहिले म्हणून ते थोर नव्हेत. ते चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांनी उचलली आणि शस्त्रक्रिया करता करताच तेथील तरुणांस आपली विद्या दिली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघे ३२ वर्षांचे असताना ते निवर्तले. पण त्यांनी शिकविलेले हात मागे उरले.

प्रत्येकाने तेथे जन्म वेचावा, असे आमचे म्हणणे नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अल्पकाळात होते, आणि ज्याला पुन्हा दिसू लागले त्याला ती थोडकी वाटत नाही. परंतु मधुमेहाच्या रोग्यास पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन पथक निघून गेले, तर सोळाव्या दिवशी त्याने कोणाचे दार ठोठावावे? जखम शिवणारा विमानात बसल्यावर टाके कोणी काढावेत? आणि जे काम येथे विद्यार्थ्याच्या हाती कोणी सोपवीत नाही, ते परक्या गरिबाच्या देहावर करून पाहणे, ही तर सेवा नव्हेच. ती त्याच्या दारिद्र्याची फसवणूक आहे.

म्हणून जाणाऱ्याने तेथील डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे, रोग्याशी बोलण्यापुरती तरी त्याची भाषा शिकावी, प्रत्येक उपचाराची नोंद मागे ठेवावी आणि तेथील एकास तरी आपले कसब शिकवावे. किती रोगी तपासले हा हिशेब परतल्यावर सर्वच देतात. आपण निघाल्यानंतर त्यांना कोण तपासणार, याचे उत्तर मात्र निघण्यापूर्वीच ज्याच्यापाशी असेल, त्यानेच खुशाल जावे.