दंडावरचा परका मासा

अंधेरीला पुतण्याकडे गेलो की पोरांच्या दंडावर ट्राउट दिसतो, शेजारी गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी. गळाचा नाद मला कळतो, मी ओढ्यात मरळ धरतच वाढलो. पण हा ट्राउट इंग्रजांनी विलायतेहून आणून काश्मीरच्या गार पाण्यात सोडलेला. आपल्या पाण्यात तो जगायचा नाही. अंधेरीला लागूनच वेसाव्याचा कोळीवाडा आहे. पापलेटाला सरकारनं २०२३ साली राज्यमासा केलं, त्याला मात्र एक दंड मिळू नये?

आणि आमच्या आजीचं सुईनं टोचलेलं हिरवं गोंदण म्हणे गावंढळ! टोचणं तेच की. मशीन आलं म्हणून कला झाली? नाद खरा असेल तर रीतसर परवानगी काढून पवईच्या तळ्यावर गळ टाका (मगरी आहेत, जपून), अन् लागेल तो मासा गोंदवा.