चोर सोडून संन्याशाला फाशी

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ सालापासून ‘माकडताप’ हा शब्द घरोघरी माहीत झाला. तेव्हापासून माकड दिसले की हात दगडाकडे जातो. ‘माकडे मारा, रान तोडा, ताप आपोआप जाईल,’ असे शिकलीसवरलेली माणसेही म्हणतात. मला हा न्याय ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ असा वाटतो.

या रोगाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा छडा लावला. हा विषाणू रानातील गोचिडीतून पसरतो. गोचीड चावली की माकडही आपल्यासारखेच तापाने मरते आणि त्याच्या कलेवरावरच्या गोचिडी आसपास पसरतात. माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही. म्हणजे माकड गुन्हेगार नव्हे, पहिला बळी आहे!

मग चोर कोण? रान तुटते, त्याच्या कडेला झुडपे माजतात, तेथे गुरे चरू लागतात. गुरांच्या रक्तावर गोचिडी वाढतात आणि माणूस त्यांच्या वाटेत येतो. बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ सालीच हे दाखवून दिले होते. तरीही आमच्या दोडामार्ग तालुक्यात रबर आणि अननसाच्या बागांसाठी डोंगर बोडके झालेच. २०२० साली तिलारीचे काही जंगल राखीव झाले, हे त्यातल्या त्यात बरे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. विषाणू मला परीक्षेला नाही. पण तो आमच्या घराच्या उंबऱ्यावर आहे. माझी आई उन्हाळ्यात काजूच्या बिया वेचते, पातेरा आणि लाकडे आणते. तापाचे दिवसही नेमके हेच. त्या काजूच्या पैशांवर आमच्या घरातला पहिला मुलगा कॉलेजात शिकतो आहे. तिला ‘रानात जाऊ नका’ असे सांगणे म्हणजे ‘चूल पेटवू नका’ असेच सांगणे नव्हे काय?

त्यापेक्षा गोचीड दूर ठेवणारे तेल हंगामापूर्वी वाडीवाडीत पोहोचवा. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवा. रक्ततपासणी जवळ आणा. आणि उरलेले रान तरी राखा.

माकड मरते तेव्हा रान आपल्याला सावध करीत असते. सावध करणाऱ्यालाच दगड मारायचा की त्याचे ऐकायचे, हे आपण सुशिक्षितांनी आता तरी ठरवावे.