परंपरेच्या पेल्यात कुणाचा घास?

कियांती या इटालियन लाल वाइनबरोबर काय खावे, याची यादी आता पाठांतरासारखी म्हटली जाते. निखाऱ्यांवर भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा, म्हणजे बिस्तेका आल्ला फिओरेंतिना. मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज. शिळा पाव आणि टोमॅटो शिजवून केलेले पाप्पा आल पोमोदोरो. या यादीला आमची हरकत नाही. हरकत आहे ती तिच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या युक्तिवादाला. टस्कनीचा शेतकरी म्हणे शतकानुशतके हेच खात-पीत आला, आणि जे एका मातीत पिकते ते एका ताटात जमतेच! हे विधान इतिहास म्हणून खोटे आहे आणि विचार म्हणून आळशी.

चवीचे कारण साधे आहे. कियांतीचे मुख्य द्राक्ष सांजोवेझे. त्याच्या वाइनमध्ये आम्लता भरपूर आणि टॅनिनचा तुरटपणा ठळक असतो. मांसातील प्रथिने व स्निग्धता हा तुरटपणा सौम्य करतात; टोमॅटोच्या आंबटपणापुढे कमी आम्लतेची वाइन मात्र फिकी पडते. एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे. त्याला परंपरेच्या दाखल्याची गरज नाही.

शिवाय परंपरा म्हणायची ती कोणत्या कियांतीची? तिच्या प्रदेशाची सीमा 1716 मध्ये कोझिमो तिसरा याच्या फर्मानाने आखली गेली. ब्रोलिओचा जमीनदार आणि इटलीचा माजी पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली याने 1872 मध्ये एका पत्रात तिचे सूत्र मांडले. त्यात रोजच्या, ताज्या वाइनसाठी माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष होते. मुरवायच्या वाइनमध्ये ते टाळावे, असेही तो सांगतो. 1967 च्या नियमांनी मात्र पांढऱ्या द्राक्षांचे 10 ते 30 टक्के मिश्रण सक्तीचे केले. पुढे 2006 च्या हंगामापासून कियांती क्लासिकोत त्याच पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली. वाइनच इतकी बदलत गेली असताना तिची ‘सनातन’ जोडी कोणती मानायची?

पण खरा प्रश्न याहून कठोर आहे. हे ताट कुणाचे होते? टस्कनीत ‘मेत्झाद्रिया’ नावाची अर्धेलीची पद्धत होती. कुळाने राबावे आणि निम्मे पीक मालकाला द्यावे. असे नवे करार करण्यास कायद्याने मनाई झाली ती 1964 मध्ये. कुळाच्या ताटात पाव, घेवड्याचे दाणे आणि रानभाजी असे; पेल्यात पुष्कळदा द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी ओतून काढलेले ‘अक्वेरेल्लो’. ज्या कियानिना जातीच्या मांसाची आज वाखाणणी होते, तिचे पांढरे बैल त्याच्या नांगराला जुंपलेले असत. उरलेले सूप पुन्हा उकळून होणारी रिबोल्लिता ही तर काटकसरीची संतती. आज तीच ‘अस्सल ग्रामीण चव’ म्हणून वाढली जाते, आणि शेजारी मालकाच्या तळघरातली बाटली ठेवली जाते. कूळ आणि मालक यांना जे टेबल कधी लाभले नाही, ते मेन्यूकार्डावर सहज मांडले जाते.

यावर कुणी म्हणेल, जेवताना इतका विचार कशाला? आम्ही उलट विचारतो: वर्गात ग्रामीण आणि दलित साहित्य शिकवताना भाकर कुणी थापली, कुणी खाल्ली आणि कुणाला नाकारली गेली, हे आपण विद्यार्थ्यांना विचारायला लावतो. मग तीच नजर इटालियन पेल्यासमोर का विरघळते? दूरच्या दारिद्र्याला आपण सौंदर्य म्हणतो, हे त्याचे उत्तर असेल, तर दोष आपल्या वाचनात आहे.

आज सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरातही सांजोवेझे पिकते. उद्या तेथील वाइनबरोबर ‘माणदेशी शेतकऱ्याचे पारंपरिक जेवण’ वाढले जाईल, तेव्हा त्या विशेषणावर बोट ठेवण्याची तयारी आपण आजच करावी. कियांती जरूर प्यावी, बिस्तेकाबरोबर प्यावी. फक्त त्या घासाला कुळाचे नाव देऊ नये.