पत्र्यावरचे दगड कोण उतरवणार?

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून येणारे गूढ आवाज आता बातमीपुरतेही नवे राहिलेले नाहीत. आवाज होतो, माणसे अंगणात येतात, तहसीलला फोन जातात आणि घटकाभराने जो तो आपल्या कामाला लागतो. २१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि पुन्हा १० जुलैच्या सकाळी हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. नांदेड-परभणीपर्यंत ते जाणवले. पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले दगड काढून घ्या, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले. सूचना रास्तच होती. पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या पत्र्यावर चढायचे कोणी? तलाठी तर चढणार नाही.

हे काम गावाचेच आहे आणि ते करू शकणारी माणसे गावात आहेत. अखंड हरिनाम सप्ताह आठवा. वर्गणी जमते, घरोघरच्या भाकरी गोळा होतात, मंडप उभा राहतो, हजाराची पंगत गडबड न होता उठते आणि काल्याच्या कीर्तनानंतर जमाखर्चही मांडला जातो. यातल्या कुणाला पगार नसतो. तेव्हा ‘आमच्याकडे एकी नाही’ हे रडगाणे खोटे आहे. एकी आहे, पण ती आठ दिवसांची आहे.

ती वर्षभर टिकली तर काय होते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. मात्र त्याहून कितीतरी अधिक गावांत घरे जागेवरच दुरुस्त आणि बळकट करायची होती. तिथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतील बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. सुमारे १,२०० गावांत या बायका घरोघर गेल्या, अनुदान कसे मिळते ते सांगितले, कोपऱ्यांना बांधणी कशी द्यायची ते दाखवले. गवंड्याच्या कामावर आता घरातूनच नजर राहू लागली. भूकंप ओसरल्यावरही ही मंडळे मोडली नाहीत. बचत, आरोग्य, शेती अशा कामांकडे वळली. किल्लारीला हे शहाणपण हजारो जिवांची माती झाल्यानंतर आले. वसमतला ते आधी येऊ शकते, एवढाच फरक.

वसमतच्या गावांत असे स्वयंसेवकांचे पथक उभे करताना मात्र दोन धोके आताच ओळखले पाहिजेत. पहिला सरकारी. स्वयंसेवक म्हणजे फुकटचा गडी, अशी कार्यालयांची समजूत असते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण ती काढणाऱ्या, शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईची हंगामातली एका दिवसाची मजुरी बुडाली तर तिची चूल अडते. तिला ऐन काढणीत प्रशिक्षणाला बोलावायचे आणि हाती प्रमाणपत्र द्यायचे, हा अन्याय आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाचा रोज मिळालाच पाहिजे. दुसरा धोका गावातला. मंडळ नावारूपाला आले की त्याच्या पाटीखाली ठेकेदारी सुरू होते, नाहीतर निवडणुकीत त्याचे दोन तुकडे पडतात. यावर उपाय जुनाच आहे: पदाधिकारी दरवर्षी बदला आणि पै-पैचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचा. सप्ताहाचा हिशेब देणाऱ्या गावाला हे जड नाही.

जिल्हा प्रशासनाने आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक घडवणाऱ्या ‘आपदा मित्र’ योजनेतील प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी न अडकवता आवाज येणाऱ्या प्रत्येक गावात न्यावे आणि पथकात निम्म्या बायका असाव्यात. गावांनीही त्या आदेशाची वाट पाहू नये. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पथक नेमण्याचा ठराव घाला, मोडकळीस आलेल्या माळवदांची आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करा आणि पहिल्याच रविवारी पत्र्यांवरचे दगड उतरवून घ्या.