पुतळ्यांचे यात्रेकरू आणि चवदार तळें

सुटी लागली कीं मुंबई-पुण्याच्या मोटारी कोंकणच्या वाटेस लागतात. मासे खावे, दर्यांत डुंबावें आणि जातां जातां थोरांच्या पुतळ्यांपुढें उभें राहून फोटो काढावा, असा हा कार्यक्रम असतो. पुतळ्यास हार घालण्यास आमची हरकत नाहीं. पण हार घातला म्हणजे ऋण फिटलें, असें जे समजतात त्यांना दोन शब्द सुनावणें आम्हांस प्राप्त आहे.

मालवणास राजकोटावर 4 डिसेंबर 2023 रोजीं छत्रपतींच्या 35 फुटी पुतळ्याचें अनावरण मोठ्या थाटांत झालें. 26 ऑगस्ट 2024 रोजीं तो कोसळला. पुरे नऊ महिनेहि तो टिकला नाहीं! समोरच पाण्यांत सिंधुदुर्ग उभा आहे. 1664 सालीं महाराजांनीं त्याचा पाया घातला; साडेतीनशेंहून अधिक पावसाळे त्यानें अंगावर घेतले. ज्या पाथरवटांनीं नि गवंड्यांनीं तो बांधला, त्यांची नांवें कोणत्या फलकावर आहेत? 2025 सालीं त्याच जागीं अधिक उंच पुतळा उभा राहिला. ठीक झालें. पण पैसा रयतेचा, तेव्हां कामाचा जाब मागण्याचा हक्कहि रयतेचाच. जयजयकाराच्या गलक्यांत हा प्रश्न बुडूं देऊं नका.

आतां महाडास या. रायगड चढणारे किती शिवभक्त वाटेंत चवदार तळ्यापाशीं थांबतात? बोले यांच्या 1923 च्या ठरावानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे झाले. महाडच्या नगरपालिकेनें 1924 सालीं तळें खुलें केलें. पण कागदावर! 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों बांधवांसह तें पाणी प्राशन केलें, तेव्हां त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि तळें शेणा-गोमुत्रानें ‘शुद्ध’ करण्यांत आलें! हक्क कायम होण्यास 1937 चा हायकोर्टाचा निकाल यावा लागला.

हें सारें एकट्या भटजीनें केलें, असें म्हणून आम्हां ब्राह्मणेतरांस हात झटकतां येणार नाहींत. लाठ्या धरणाऱ्या हातांत नांगर धरणारे हातहि होते. दर 20 मार्चला तेथें जनसागर लोटतो. त्यांत कोण असतात? ज्यांच्या बापजाद्यांना पाणी नाकारलें, ते. ज्यांच्या बापजाद्यांनीं नाकारलें, ते कोठें असतात?

तीच गत अलिबागेजवळच्या चरीची. 1933 पासून 1939 पर्यंत नारायण नागू पाटलांच्या मागें आगरी-कुणबी कुळांनीं खोतांची जमीन पडीक ठेवली, उपासमार सोसली, पण माघार घेतली नाहीं. आज अलिबागच्या वाळूवर लोळणाऱ्यांपैकीं किती जणांना चरी ठाऊक आहे?

तरुणांनो, राजकोटास खुशाल जा, रायगडास तर जाच. पण येत्या 20 मार्चला शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या, मराठ्यांच्या पोरांनीं महाडास यावें, आणि पाहुणे म्हणून नव्हे, देणेकरी म्हणून यावें. नि परत गेल्यावर आपल्या गांवचा पाणवठा, आपल्या गांवचें देऊळ, आपल्या घरची पंगत खरोखर सर्वांस मोकळी आहे काय, तें पाहावें. मोकळी नसेल, तर तो हार पुतळ्याच्या गळ्यांत घालूं नका.