गाव म्हणतं तेच बरोबर?

बरं-वाईट कोण ठरवतं? आपली बुद्धी की चार लोक?

कर्जत-खालापूरच्या भातशेतीत एकोप्याशिवाय भागत नाही. लावणीला माणसं एकमेकांच्या शेतावर गेली नाहीत तर पाऊस काही थांबत नाही. शेजारधर्म माणूस असाच शिकतो, पुस्तकातून नाही.

पण याच एकोप्याचं दुसरं रूप आपल्या रायगड जिल्ह्याने पाहिलं आहे : वाळीत टाकणं. त्या घराशी बोलायचं नाही, दुकानातून माल द्यायचा नाही, लग्नाला-मयताला जायचं नाही. शेवटी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

अशा वेळी ऐकू येतं, "गावाने एकमताने ठरवलंय." एकमताने? ज्याला वाळीत टाकलं त्याचं मत मोजलं का? त्याला बैठकीत बोलू तरी दिलं का? तो बाहेर उभा असेल तर ते एकमत नव्हे, नुसती संख्या.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा कोकणातल्या त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १९५८ मध्ये देशाने त्यांनाच भारतरत्न दिलं. गाव तेव्हाही एकमताचंच होतं!

अर्थात एकट्याची बुद्धीही घसरते. सोयीचं ते योग्य, हे मन आपल्याला पटकन पटवतं. कर्व्यांनी आपला विचार मनात ठेवला नाही. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि वर्गणी मागायला त्याच समाजाच्या दारात गेले.