बारा तुकडे, चौसष्ट घरे

स्वारगेट, गुलटेकडी, भवानी पेठ या परिसरात व्यापार करणाऱ्या आपल्या कुटुंबांना जागेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. टेम्पोत माल भरताना मोठी खोकी आधी आणि लहान पुडकी उरलेल्या फटींत, हा हिशेब दुकानात नव्याने आलेला मुलगाही लवकरच शिकतो. याच हिशेबावर उभा असलेला, दोघांनी खेळावयाचा एक छोटासा खेळ आज सुचवावासा वाटतो.

पाच समान चौरस कडेला कड जुळवून मांडले, तर नेमके बारा वेगवेगळे आकार तयार होतात. फिरवून किंवा उलटवून सारखा होणारा आकार एकच धरावयाचा. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी यांनी १९०७ साली या आकारांवर बुद्धिबळाच्या फुटलेल्या पटाचे कोडे रचले होते. पुढे १९५३ मध्ये अमेरिकन गणिती सॉलोमन गोलोम यांनी त्यांना ‘पेंटोमिनो’ हे नाव दिले आणि त्यांचा दोघांचा खेळही मांडला.

नियम अगदी थोडे आहेत. पट बुद्धिबळाचा, म्हणजे चौसष्ट घरांचा. बारा तुकडे दोघांचे सामाईक. आळीपाळीने एकेक तुकडा उचलून रिकाम्या घरांवर बसवावा. तो हवा तसा फिरवावा, उलटवावा. ज्याला उरलेल्यांपैकी एकही तुकडा बसविता येणार नाही, तो हरला. डाव कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त बारा खेळ्यांत संपतो. त्यामुळे वेळ फार जात नाही.

खेळाचे मर्म मात्र खोल आहे. वापरलेला तुकडा दोघांनाही पुन्हा मिळत नाही. म्हणून पटावर एखादी पोकळी राहिली आणि तिच्यात बसणारा एकमेव तुकडा आधीच खर्ची पडला असेल, तर ती पोकळी निरुपयोगी ठरते. गोलोम यांचा एक सल्ला असा, की पटाचे दोन सारखे, स्वतंत्र भाग पाडण्याचा प्रयत्न करावा. मग प्रतिस्पर्ध्याने एका भागात चाल केली, की आपल्याला दुसऱ्या भागात उत्तर देता येते. हाती काय आहे याबरोबरच मागे काय उरणार, हे पाहण्याची व्यापाऱ्याची नजर येथे कामास येते.

साहित्यासाठी पैसा खर्चण्याचे कारण नाही. टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी घडतात, हे पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे दाखविले. दुकानातील जाड पुठ्ठ्यावर तीन सेंटिमीटरचे चौरस आखून बारा आकार कापावेत. तुकडे उलटवावे लागतात, म्हणून दोन्ही बाजूंस एकच रंग द्यावा. पट चोवीस सेंटिमीटरचा होईल.

हा खटाटोप कोणासाठी? आपल्यापैकी अनेक घरांत व्यापार मुलांच्या हाती सोपवून निवृत्त झालेले एक वडीलधारे असतात. कालपर्यंत प्रत्येक भाव त्यांना विचारून ठरत असे. आज त्यांना विचारण्यासारखे फारसे उरलेले नसते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली, की संध्याकाळ लांबते आणि ज्याची दृष्टी त्याच्या मोबाईलमध्ये गुंतते. अशा वेळी नातवाने हा पट आजोबांसमोर मांडून पाहावा. येथे वयाने सूट द्यावी लागत नाही आणि मुद्दाम हरण्याचीही गरज पडत नाही. आजोबांना पुन्हा कोणीतरी त्यांची चाल विचारते, ही गोष्ट लहान नाही.

एक पथ्य पाळावे. पहिली चाल करणारा अचूक खेळला तर जिंकतोच, हे हिलारी ऑर्मन यांनी १९९६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले आहे. तेव्हा प्रत्येक नव्या डावात पहिली चाल हरलेल्याला द्यावी.